दोन-सहा

सेलूत जिनिंगच्या मागं, वरच्या मजल्यावर
आमचं कॉलेज. खाली खत-बियाण्याचं दुकान,
म्हणून शरीररचनेच्या पुस्तकालाही
युरियाचा वास.
वैद्यकीय सहाय्यक, पदविका, दोन वर्षं.
वर्गात सगळ्यात थोरली मी, छत्तीस.
शेजारी एकोणीस वर्षांची निगार,
मागं बळीराम फड, जो रक्त दिसलं की
खिडकीशी जाऊन उभा राहतो,
बाहेर काही महत्त्वाचं चालल्यासारखा.

पहिल्या दिवशी सोनकांबळे सरांनी विचारलं,
आधी काय करत होता?
म्हटलं, बांगड्या भरत होते. कासाराच्या घरची.
सर हसले नाहीत. म्हणाले,
मग मनगट ओळखीचं आहे.

ओळखीचं म्हणजे काय, सर,
तळवा पाहूनच माप सांगते मी:
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
अंगठ्याखालचा सांधा कुठं दबतो,
कुठं कळवळतो, आणि त्या क्षणी
माहेरचं काय विचारलं म्हणजे
बाई दुखणं विसरते.
पण मनगटाच्या वर
माझं शिक्षण गेलंच नव्हतं.

इथं कोपराच्या घडीत शीर शोधायची.
डोळ्यांनी नव्हे, बोटानं.
ओल्या सुतळीसारखी लागली तर ती.
ठोका लागला तर सोडा, ती धमनी.
रबरी हातात चौदा वेळा सुई घातली.
पंधराव्यांदा निगारनं स्वतःचा हात पुढं केला,
"लेओ ताई, डरो नक्को,"
आणि डोळे मिटले. माझ्या वाटचे.

रात्री भाकरी उरकल्या की
अवघड शब्द देवनागरीत उतरवून घोकते.
हिमोलायसिस. टुर्निके.
सासू अंथरुणातून विचारते,
"काय पुटपुटायलीस माय? कुणावर मंतर घालायलीस?"

एकदा नमुन्याची नळी हातून निसटली.
मी बोलून गेले, सर, नळी वाढली.
अख्खा वर्ग हसला.
आता फुटली कसं म्हणू?
सतरा वर्षं ज्या ओट्यावर बसले
तिथं काच कधी फुटलीच नाही.
सरांनी फळ्यावर लिहिलं:
फुटलेली काच चिमट्यानं उचलावी.
मी वहीत लिहिलं: वाढलेली.

मग प्रात्यक्षिक, ग्रामीण रुग्णालय.
तिसऱ्या खाटेवर सोजरबाई,
चार महिने अंगात रक्त नाही म्हणतात.
तिनं हात पुढं केला आणि मी थबकले.
मनगट कोरं.
अशा बाया यायच्या की दुकानात,
सुनेला घेऊन, नातीला घेऊन,
रंगाची घासाघीस करायच्या, भाव पाडायच्या,
स्वतःचे हात मात्र पदराखाली.
मीही कधी म्हटलं नाही, दाखवा.

तो हात घेतला. पट्टा बांधायच्या आधी
सवयीनं अंगठ्याचा सांधा दाबला,
ज्याचं पुस्तकात काहीच कारण नाही.
"काय भरायलीस आता, माय?"
"भरत नाही मावशी, थोडं काढून घेते."
"घे की," ती म्हणाली,
"काढून घेतलेलं अंगवळणी पडलंय."

माहेर कोणतं, विचारलं.
मानवतजवळचं एक गाव सांगितलं तिनं,
विहिरीला बारमाही पाणी असलेलं,
आणि ती विहिरीपाशी पोचेपर्यंत
सुई आत होती. एकदाच. पहिल्यांदाच.
नळी हळूहळू भरली, फिकी,
डाळिंबी म्हणून विकता आली नसती.

कापूस दाबला. नळीवर चिठ्ठी लावली:
सोजरबाई, स्त्री, वय अडुसष्ट,
आणि पेन थांबलंच नाही: दोन-सहा.

सर वाकून बघत होते.
हे काय लिहिलंय?
म्हटलं, वेळ, सर. दोन वाजून सहा मिनिटं.

वॉर्डातल्या घड्याळात साडेअकरा झाले होते.
सरांनी घड्याळाकडं पाहिलं,
मग सोजरबाईच्या हाताकडं,
आणि पुढच्या खाटेकडं गेले.