खोलीचे तापमान

पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात एक खोली आहे.
तिचं तापमान सत्तावीस अंश.
दोनशे त्र्याहत्तर मिळवले की तीनशे,
भागाकार सुटसुटीत, बाकी शून्य.
त्या खोलीत कोण राहतं, ते दिलेलं नाही.

मी वडनेर फाट्यावर राहते.
डोमाजी काकांच्या पंक्चरच्या दुकानात, टिनाखाली,
ट्यूबच्या कंपनीने फुकट दिलेला थर्मामीटर आहे.
आज तीन वाजता त्यात सेहेचाळीस.
म्हणजे तीनशे एकोणीस.
अकराने भाग जातो, नाहीतर एकोणतिसाने.
अकराचं मी काय करू?

पुस्तक इंग्रजीत, नगराळे सर मराठीत,
डोमाजी काका वऱ्हाडीत.
एकच वायू तीन भाषांतून जातो
आणि कुठेतरी एखादी शून्यं सांडतात.

सर म्हणाले, आदर्श वायूच्या रेणूंना आकारमान नसतं,
एकमेकांची ओढ नसते,
टक्कर झाली की काही न गमावता वेगळे होतात.
काका म्हणाले, "असं कोन असते, आचल?"
आणि ट्रकच्या चाकावर हातोडी मारून
आवाजावरून दाब ओळखला.
काटा नंतर लावला. दोन पौंडांचा फरक.

रात्री सोडवायचं उदाहरण :
इंजिन सहाशे केल्विनला उष्णता घेते,
उरलेली खोलीच्या हवेत टाकते,
कमाल कार्यक्षमता काढा.
मागच्या पानावर उत्तर : पन्नास टक्के.
मी आमची हवा घालून पाहिली.
सेहेचाळीस पूर्णांक आठ.
इंजिन तेच, तेल तेच, पिस्टन तोच,
फक्त टाकायला जागा गरम.
म्हणजे वडनेरच्या मे महिन्यात
कितीही चांगलं इंजिन
शंभरातले तीन-सव्वातीन कुठे ठेवायचे
हे न कळून फिरतं.

सरांना दाखवलं.
चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी दोनदा वाचलं.
"बरोबर आहे," म्हणाले,
"पण पेपरात तीनशेच लिहायचं."

कॉम्प्रेसर आठ वाजता बंद झाला, लाइट गेली म्हणून.
टाकी हाताला चटका देत होती,
काटा एकशेवीसवर.
अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात काका बघतात तर
एकशेअकरा.
गिऱ्हाईक एकही नाही. हवा कोणी नेली नाही.
काकांनी निरम्याचा फेस केला,
वॉल्व्हला लावला, जोडाला लावला,
पाना फिरवत टाकीभोवती वाकून दोन चकरा मारल्या.
एक बुडबुडा नाही.
"गळून राह्यलं कुठंतरी," ते म्हणाले,
पण आवाजात भरवसा नव्हता.

मी ट्यूबच्या खोक्याचं पुठ्ठं फाडलं.
काट्यावरचा दाब खरा नाही,
त्यात बाहेरच्या हवेचे पंधरा मिळवायचे
(हे मी पहिल्या तीन उदाहरणांत विसरले होते,
तीनही वेळा लाल शाई).
एकशेपस्तीस.
टाकी तेव्हा धरू सत्तावन्न अंश, आता पस्तीस.
तीनशे तीस. तीनशे आठ.
पुठ्ठ्यावर डिंकाचा पट्टा होता, तिथे पेन चालेना,
म्हणून उत्तर खाली, कडेला आलं :
एकशेसव्वीस. वजा पंधरा.
एकशेअकरा.

इतकं नेमकं आलं की मलाच खोटं वाटलं.
पुन्हा केलं. तेवढंच.

"गळत नाही काका. थंडं होऊन राह्यलं."
"मंग नऊ पौंड हवा गेली कुठं?"
"कुठीच नाई. आतच आहे, सगळी."
त्यांनी तळहात टाकीवर ठेवला,
बराच वेळ.
"मंग दमून बसली असन," म्हणाले.

रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा, असं मी लिहिणार होते.
लिहिलं नाही.
फेस सुकून टाकीवर पांढरे डाग पडले होते.
काकांनी ते लुंगीच्या टोकाने पुसले,
पुठ्ठं घडी करून गल्ल्यात ठेवलं,
उधारीच्या वहीखाली.
टिन अजून तडतडत होतं,
आणि थर्मामीटर दाखवत होता पस्तीस.
सत्तावीस व्हायला अजून आठ.