मिनिटाला दोन लिटर

हिरवी कमोडोर, आठ सिलिंडरची,
दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली.
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस,
दाराच्या कप्प्यात पार्किंगच्या पावत्या
आणि छातीच्या फोटोंचं दुमडलेलं पाकीट.
हिला शर्यतीत कोणी नेलं नाही कधी.
ही दूध आणते. मला रात्रपाळीला सोडते.
दर शुक्रवारी बाबांना
एलिझाबेथहून ॲडलेडच्या इस्पितळात.

प्रिडोच्या शेडमध्ये पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्री.
खोक्यातून सुपरचार्जर काढला त्यानं
दोन्ही हातांनी, मान सांभाळत,
एवढं जड तान्हं कोणी पाहिलं नसेल.
"रोजच्या गाडीला?"
"रोजच्याच," मी म्हटलं,
"रविवारच्या गाडीला काय, ती तशीही खूश असते."

तीन शनिवार गेले, आणि वर्षभराचा ओव्हरटाइम.
क्रँकच्या पुलीला भोक पाडून पिन ठोकली,
नाहीतर ताणानं सरकते म्हणे.
जुने इंजेक्टर निघाले, काळवंडलेले,
ते मी फडक्यावर ओळीनं मांडले,
म्हाताऱ्याच्या पडलेल्या दातांसारखे.
आठवा सापडेना. तो माझ्याच खिशात होता.

पट्टा चढवता चढवता प्रिडो म्हणाला,
हा आधी इंजिनाचंच खातो,
चाळीसेक घोडे सरळ पोटात,
मग दोनशे परत करतो.
माझा धाकटा भाऊ असाच आहे, मी म्हटलं,
फक्त पुढचा भाग त्याला जमत नाही.

बाबांना पटलं नाही.
बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात, रंगाच्या खोलीत.
हा हिरवा कदाचित त्यांच्याच हातचा.
"इंजिनाला लागते तेवढी हवा
ते आपली आपण ओढतं,"
नाकातली नळी सारखी करत म्हणाले,
"कोंबायची कशाला?"
खुर्चीमागे त्यांचं यंत्र घरघरत होतं,
मिनिटाला दोन लिटर.
मी गप्प. तेही गप्प.
मग यंत्राकडे न बघता "हं" म्हणाले
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी निघालो.
गुडघ्यांमध्ये छोटं सिलिंडर, डोक्यावर युनियनची टोपी.
बॉनेटखाली एक बारीक सूर,
केटल उकळायच्या आधी गुणगुणते तसा.
मेन नॉर्थ रोडला लाल दिवा.
शेजारी एक यूट, त्यात दोन पोरं,
त्यांनी ॲक्सिलरेटर गुरगुरवला.
मी समोर बघत राहिले. अंगावर इस्पितळाचा गणवेश,
मांडीवर अपॉइंटमेंटचं पत्र.
"पट्टा नीट बसलाय?" बाबांनी विचारलं.
बसलाय.
"मग दाब."

दिवा हिरवा झाला.
किती सेकंद ते मला माहीत नाही.
टोपी मागच्या काचेला जाऊन लागली,
यूट आरशात काडेपेटीएवढी,
आणि बाबा हसत होते,
तोंड उघडून, आवाजासकट,
जसे मी सात वर्षांची असताना हसायचे.
हसणं महाग पडलं.
गाडी कडेला घेतली. खोकला थांबेना,
ओठ निळसर.
मी सिलिंडरची चावी फिरवली,
डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढी.
दम खा, बाबा, मी म्हटलं.
"खायला तो असावा लागतो," ते म्हणाले,
आणि पुन्हा हसू आलं त्यांना,
बावळट माणूस.
इंजिन नुसतंच चालू होतं,
आम्हां दोघांपेक्षा शांत.

इस्पितळात नळी तोंडात देऊन बाई म्हणाल्या,
फुंका, मिस्टर ब्रालिच, जोरात, जोरात, अजून.
आकडा मागच्याएवढाच. किंचित खाली.

परतताना पेट्रोल भरलं.
हिला आता अठ्ठ्याण्णवचंच लागतं, महागातलं.
पैसे बाबांनी दिले.
खिडकीतून हात काढून, मोजून,
शेवटच्या नाण्यापर्यंत,
आणि पावती मागितली.