भाजल्याचा वार

हॉटेलच्या दुकानात डबे होते,
डब्यांवर माड, माडामागे सूर्य,
भाजल्याची तारीख कुठेच नाही.
"हे कुठलं कोण जाणे," विल्फ्रीदो म्हणाला,
आणि बाराओनाच्या वरच्या डोंगरात
त्याने गाडी घातली.

एदुविखेसबाईंनी आधी विचारलं,
घरी दळणार कशात?
मिक्सरमध्ये, म्हटल्यावर
सुतक पडल्यासारखा चेहरा केला.
मग चार बिया माझ्या तळहातावर, अजून कोमट.
फोड, म्हणाल्या, दाताखाली.
जळकट नव्हतं काही.
शेंगदाणे भाजताना अगदी शेवटी,
साल सुटायच्या वेळी येतो,
तसा वास.

त्या स्वतः पीत नाहीत.
डॉक्टरांनी बंद केलीय, सहा वर्षं झाली.
नुसतं हुंगून सांगतात, उतरव आता.

अर्धा पौंड मागितली.
काटा पुढे गेला तरी ओतत राहिल्या,
पैसे अर्ध्याचेच घेतले,
आणि खाकी पिशवीवर पेन्सिलीने लिहिलं:
मंगळवार.
कुठला, ते नाही.

कॉफी पंधरा दिवसांत संपली.
पिशवी टाकवत नाही.
ओट्यावरच असते, घडी घातलेली,
आठवड्यातून एकदा
खरी ठरते.