सोय

बडोद्यात सोय या शब्दाला दोन तोंडं आहेत.
घरात सोय म्हणजे निजायची, जेवायची, पाहुण्यांची.
उंबऱ्याबाहेर, गुजरातीत, सोय म्हणजे सुई.
माझी आई या दोन अर्थांच्या मधोमध
छत्तीस वर्षं नोकरीला होती, रावपुऱ्यातल्या दवाखान्यात.
पोरं तिला सोयवाळी बेन म्हणत.
ती दांडिया बाजारातून भाजी घेऊन निघाली
की ओट्याखाली गोट्या खेळणारे
अर्धा डाव टाकून पळत.
मीही पळायचो. आई माझीच होती,
पण तिच्या पदराला स्पिरिटचा वास होता.

मी आता डुकराचे कान आणतो.
सकाळी साडेसहाला, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून,
विश्वामित्रीच्या पुलावरून.
खाली चिखलात एखादी मगर पडलेली असते,
आपल्या कातडीच्या भरवशावर निवांत.

कानामागची कातडी सोलायची, पापडाच्या लाटीहून पातळ.
हे काम माझं. फ्रेनीबाईंचा हात थरथरतो.
काचेच्या दोन कुप्यांमधे ती ताणून बसवायची,
वर पट्टी, खाली मिठाचं पाणी, बत्तीस अंश,
आणि दर तासाला खालून एक थेंब काढून
त्याला विचारायचं:
आलं का कोणी?

फ्रेनीबाई सांगतात त्यातलं मला कळलं ते एवढं:
कातडीचा वरचा थर मेलेल्यांचा असतो.
विटेवर वीट मेलेल्या पेशी, मधे चरबीचा चुना.
जिवंतांची राखण मेलेलेच करतात.
सुई ती भिंत फोडून आत जाते.
आमचे कण फोडत नाहीत.
केस उभा चिरून हजार भाग करावेत, तेवढे ते,
आणि केसाच्याच कडेने उतरतात,
जिथे तेल झिरपतं, जिथे भिंतीला फट असते,
पाठीवर लशीचं गाठोडं.
खाली एक पहारेकरी बसलेला असतो, पुष्कळ हातांचा.
तो गाठोडं सोडतो, हुंगतो,
आणि काखेतल्या गाठींकडे निरोप घेऊन चालू लागतो.
ओरडाआरडा नाही. रक्ताचा टिपूस नाही.

असं व्हायला हवं.
चौदा महिने झाले, थेंब बहुतेक वेळा रिकामा येतो.
कण दारातच अडकतात,
नाहीतर एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो,
जत्रेत हरवू नये म्हणून हात धरलेल्या पोरांसारखा.
मार्चमधे एकदा आकडा वर गेला होता.
बाईंनी सगळ्यांना लीलो चेवडो आणला.
दुसऱ्या दिवशी कळलं, कातडीलाच भोक होतं.
माझ्याकडून पडलेलं.
माणसाच्या दंडापर्यंत यायला, बाई म्हणतात,
तुमची निवृत्ती होऊन जाईल, मोरेश्वरभाई.

शनिवारी त्यांना विचारून एक कोरी पट्टी घरी आणली.
लस नाही, कण नाहीत, नुसता पापुद्रा आणि गोंद.
आईने बाही वर केली.
तिथे तिच्या लहानपणच्या देवीचे दोन वण आहेत,
हाताळून झिजलेल्या नाण्यांसारखे.
त्यांच्या खाली लावली.
ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.
हं, टोच, म्हणाली.
लावून झाली.
कधी?
आत्ताच.

बराच वेळ ती दंडाकडे बघत राहिली.
काहीच कळलं नाही रे.
मग पोराला कसं कळायचं
की आपल्याला कोणी काही दिलं?
मी त्यावर काय बोलणार. पंखा वाढवला.
थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली,
बरंय, त्या बाईला भाजी तरी नीट घेता येईल.

पण अंगठा तिने पट्टीवर दाबून धरलाच,
कापसाचा बोळा धरतात तसा,
आणि मोजू लागली, दवाखान्यात मोजायची तशी,
पोरांना कळावं म्हणून गुजरातीत,
एक, बे, त्रण,
तेवीसला चुकली.
पुन्हा एकपासून.