बेबाकी

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं विकायला नेली
तर दुकानदाराने दंडसंहिता उघडलीसुद्धा नाही.
"हा कायदा गेला की, ताई. आता वजनावर."
एक किलो आठशे भरलं
माझं दोन वर्षांचं पाठांतर.
चारशेवीसचं आता तीनशे अठरा झालंय,
फसवणूक होती तिथेच आहे.
पुस्तकं परत पिशवीत कोंबली.
बावीस रुपयांवर एवढा राग कशाला,
असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

चौथं वर्ष. मुद्दल पाच लाख ऐंशी हजार.
व्याज मी बघत नाही,
आई जशी साखरेचा रिपोर्ट बघत नाही.
शिक्षण पुरं केलं तर वर्षभराने हप्ता सुरू,
सोडलं तर लगेच.
सही सुदाममामाची.
कोर्टात जामीन माणसाला बाहेर काढतो,
बँकेत तोच शब्द माणसाला आत ओढतो.
मामा फोनवर पैशाचं कधीच काढत नाही.
फक्त ठेवताना म्हणतो,
"बाकी?"
बाकी काही नाही, मामा.

सकाळी शिवाजीनगर कोर्टात
तुंगारे वकिलांमागे फायली छातीशी धरून उभी.
महिना साडेतीन हजार,
तेही दिवाळीपासून पुढच्या तारखेवर.
फाटकाबाहेर छत्रीखाली काळे कोट हाका मारतात,
प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नाव बदल.
त्यातल्या एकाला सुवर्णपदक होतं म्हणे.
तो मला नावाने ओळखतो,
"चहा घेणार?" विचारतो,
आणि मी घाई असल्यासारखी चालते.

ऋतुध्वजला काळजी नाही.
आजोबांच्या पाटीवर, वडिलांच्या नावाखाली,
एक ओळ कोरी ठेवलेली आहे.
शाहीनने गेल्या वर्षी सोडलं.
बाणेरला वसुलीच्या फोनवर बसते, अठ्ठावीस हजार हातात.
म्हणते, तुझं नाव माझ्या यादीत आलं ना,
तर मी तेवढा वेळ पाणी प्यायला उठेन.
आम्ही खूप हसलो.
मग ती भांडी घासायला गेली, आणि मी उगाच मोबाईल चार्जिंगला लावला
जो भरलेलाच होता.

शुक्रवारी ऑफिसात विचारलं.
केळकरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"सोडायचंय? सोडा की. आधी बेबाकी आणा."
पाच रकाने: ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा विभाग, लेखा, प्राचार्य.
लेखा म्हणजे एकसष्ट हजार.
म्हणजे जायलाही पैसे लागतात.
हे कुठल्या कलमात बसतं
विचारणार होते, पण मागे रांग होती.

ग्रंथालयात करार कायद्याचं पुस्तक निघालं माझ्या नावावर,
दुसऱ्या वर्षापासून.
दंड दोनशे चौदा. भरला.
एक शिक्का मिळाला, जरा तिरका.

रात्री आईचा फोन.
ती बार्शीच्या दवाखान्यात केसपेपर लिहिते, एकोणीस वर्षं.
"नव्या मालकांनी कागद दिलाय, इंग्रजी आहे,
उद्या सही करून द्यायचीय. करू ना?"
फोटो पाठव म्हटलं, तर तिला ते जमेना.
मग ती एकेक अक्षर सांगत गेली,
मी नळ स्टॉपच्या फुटपाथवर
पुस्तकांच्या पिशवीवर बसून लिहीत गेले,
लिहायला कागद नव्हता म्हणून
बेबाकीच्या पाठीमागे.
सातव्या मुद्द्यावर थांबवलं तिला.
एकोणीस वर्षं पुसून
ती एक तारखेपासून नवी लागणार होती.
"सही करू नकोस."
"अगं पण सगळ्यांनी केलीय."
"तू करू नकोस. मला मुदत पाहिजे म्हण. लेखी माग."
ती गप्प झाली. मग म्हणाली,
"तू जेवलीस का?"

अर्जाच्या एका बाजूला चार रकाने रिकामे,
दुसऱ्या बाजूला आईची सात कलमं.
तो आता ऑफिसात द्यायचा कसा,
नवा घ्यायचा तर दहा रुपये.

सोमवारी ऑफिस साडेदहाला उघडतं.
कोर्ट अकराला.
मध्ये अर्धा तास आहे.