दुमड

नाइट ड्यूटी संपवून येते तेव्हा
धुळ्याचं ऊन माझ्याआधी घरात शिरलेलं असतं,
पलंगावर पाय पसरून.
एप्रिलात आठलाच भिंत तापते.
तीन महिने काचेला वर्तमानपत्रं चिकटवली,
उजेड मागून यायचा आणि मी मिटल्या डोळ्यांनी
उलट्या अक्षरांतल्या बातम्या वाचत राहायचे.

शालिग्राम जिभाऊच्या भंगारात हे दोघं सापडले.
पाचव्या गल्लीतलं कुठलंसं घर उतरवलं, त्यातले.
जाड सुती, आतून अस्तर,
रंग आपल्याकडच्या भरताच्या वांग्याचा,
विस्तवावर जायच्या आधीचा हिरवा.
जिभाऊने किलोवर दिले,
काटा हलायचा थांबण्याआधी आकडा सांगितला.

दोनदा धुतले.
पहिल्या पाण्याला धूळ, पाडलेल्या घराची.
दुसऱ्या पाण्याला उदबत्ती, तंबाखू
आणि सगळ्यात शेवटी कापूर,
म्हणजे त्या खोलीत कोणीतरी बरेच दिवस पडून होतं.
हा वास मला चुकत नाही.

पडदा सात फूट तीन इंच.
माझी खिडकी डावीकडून एकोणपन्नास इंच,
उजवीकडून अठ्ठेचाळीस.
गवंडी घाईत असेल, नाहीतर प्रेमात.
खालच्या कोकिळाबाई मशीन देऊन गेल्या नाहीत,
मशीनसोबत बसून राहिल्या.
मी कात्री उघडली तशी म्हणाल्या,
‘कापू नको वं माय. घर बदलस, खिडकी बदलस.
कमी पडनं तं कथाईन लयशी?’
माझा करारनामा अकरा महिन्यांचा. कात्री मिटली.

आधी जुनी शिवण उसवायची होती.
टाके काढायला माझा हात हलका,
वॉर्डात सगळे माझंच नाव घेतात.
खालच्या दुमडीत पैसे निघाले,
तांब्याचे, भोकाचे,
वाऱ्याने कापड उडू नये म्हणून
एकेक टाचून बसवलेले.
उजव्यात नऊ. डाव्यात आठ.
नवव्याच्या जागी दोरा वेगळा,
काळा, तिरपा, एका दमात ओढलेला.
कोणा पोराने गोळ्यांसाठी उसवला असेल
आणि आई यायच्या आत
स्वतःच शिवून टाकला असेल.
कोकिळाबाई हसल्या,
मग आपल्याच नखांकडे बघत गप्प झाल्या.

दुमडीच्या आतला रंग मात्र असा
की दोघी जरा मागे सरकलो.
इतकी वर्षं उन्हाने त्याला पाहिलंच नव्हतं.
वर सगळीकडे पट्टे:
चुणी बाहेर आली तिथे पार उडालेले,
आत दडली तिथे अजून ओले वाटावेत असे.
मी किती परींनी चुण्या घातल्या,
नव्या चुण्या जुन्या जागी पडेनात.
शेवटी म्हटलं, पडू देत कुठेही.
एवढं सगळं जुळवायला
मला कोणी पाहुणे यायचे नाहीत.

वर एक फूट, खाली दीड, बाकी मधे आडवी पट्टी घालून
अख्खी लांबी आत गिळवली.
खालची कड एका बाजूला इंचभर उतरती,
खिडकी वाकडी म्हणून पडदाही मुद्दाम वाकडा,
त्यामुळे दोघंही सरळ दिसतात.
पैसे परत टाचले.
रिकाम्या जागी काय लावावं कळेना,
जुन्या एप्रनचं पांढरं बटण होतं, ते लावलं.

दुपारी तीनला झळा सुटल्या.
शेजारचा पत्रा वाजला, कुणाची तरी बादली गडगडली,
पडदा नुसता श्वास घेतल्यासारखा
आत आला, मागे गेला.
अंधार. एवढा की हात दिसेना.
भिंतीवर तांबं टक, टक,
सलाइनच्या थेंबाला असतो तो वेग.
सवयीने मोजायला लागले.
मधे एकदा आवाज बदलला,
हलका, प्लॅस्टिकचा,
ते माझं बटण.
त्यापुढचे मोजलेले आठवत नाहीत.