ओडी

इथे दार वाजवत नाहीत.
दाराबाहेर उभं राहून म्हणतात, ओडी,
आणि थांबतात.
आतून ओडिनी आलं तर पाऊल आत,
नाही आलं तर पुन्हा एकदा, जरा हळू,
मग आपापल्या वाटेने.

पहिल्या आठवड्यात मी सगळीकडे कड्या वाजवल्या.
नाचिसालेबाईंचा धाकटा पलंगाखाली लपला.
वाजवतात ते पोलीस, म्हणाला.
मिशनच्या यादीत मच्छरदाणी होती, गोळ्या, टॉर्च,
दोन लांब बाह्यांचे कुडते.
हे नव्हतं.

तळ्याकाठी बांबूच्या मांडवांवर
उसिपा वाळत पडलेली असते, करंगळीएवढी, चकचकीत.
त्या वासाशी माझं भांडण
तिसऱ्या महिन्यापर्यंत चाललं.
कोण जिंकलं सांगत नाही.
परवा टोमॅटो घालून शिजवली, एवढंच.

मंगळवारी तराजू आंब्याच्या फांदीला.
बाळं एकेक करून झोळीत लटकतात,
रागाने मुततात, जरा हलकी होतात,
मी वजनं लिहिते.
वाटलं होतं, आकडे तरी ओळखीचे असतील.
पण इथे सहा म्हणजे पाच आणि एक,
नऊ म्हणजे पाच आणि चार.
मी बोटांवर अडले की
रांगेतल्या आया माझी बेरीज करून टाकतात
सगळ्या मिळून, मोठ्याने.

बाजारात मला साखरेचा भाव विचारतात.
माझ्या रंगाची माणसं इथे गल्ल्यामागे बसतात,
प्रार्थनेच्या पुस्तकामागे नाही.
दुकान नाही हो माझं, मी मिशनची. शिकायला आलेय.
शिकायला? भुईमुगाचं माप सपाट करत लोन्टिया म्हणाली,
मग पगार आम्हाला पाठवायला सांग.

फोनला रेंज फक्त शाळेमागच्या वारुळावर.
रविवारी आई विचारते, रमलीस का गं?
रमले, म्हणते मी,
आणि मुंग्या घोट्यावर येईस्तोवर
हवापाण्याचं बोलत राहते.
रमणं या शब्दाला इथल्या भाषेत काय म्हणतात
अजून कुणाला विचारलेलं नाही.

काल संध्याकाळी वीज गेलेली.
मी महिन्याचा अहवाल भरत होते मेणबत्तीवर,
किती घरं, किती सभा, किती जणांना मदत,
तेवढ्यात बाहेर,
ओडी.

शेजारच्या घरचं असेल, म्हणून गप्प बसले.
पुन्हा आलं. जरा हळू.
उठताना स्टूल पाडलं मी,
आणि तो शब्द, वहीत पहिल्याच पानावर लिहिलेला,
रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला,
घशातून चुकीच्या सुरात बाहेर पडला.

नाचिसालेबाई होत्या. हातात बशी.
मीठ संपलं होतं.
द्या नाही म्हणाल्या, दान नाही, मदत नाही.
उसनं. शुक्रवारपर्यंत.

बशी भरून दिली तर हसल्या,
अर्धं परत माझ्या डब्यात ओतलं,
उसनं फेडावं लागतं, पोरी, जेवढं लागतं तेवढंच.

गेल्यावर अहवालाकडे पाहिलं.
मेणबत्ती बोटभर उरली होती.
रकाना सापडला नाही,
म्हणून डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिलं,
नाचिसाले, अर्धी बशी, शुक्रवार.

आज गुरुवार आहे.
शुक्रवारी नाहीच आल्या तर
मी जाईन त्यांच्या अंगणात,
दाराबाहेर उभी राहीन,
कडीला हात लावणार नाही.